कादरी मॅडमचं कोठार

मागच्या आठवड्यात कॉलेजच्या जुन्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक फोटो टाकला. सहलीचा होता. दहा-बारा जण उन्हानं डोळे बारीक करून उभे आहेत, दोघं पायरीवर बसले आहेत. खाली मी लिहिलं, 'सोनेरी आठवणी'. लगेच कुणी हात जोडले, कुणी गुलाबाची फुलं वाहिली, कुणी नुसताच अंगठा दाखवला. आणि मग कादरी मॅडमचा आवाजी निरोप आला. त्या टाइप करत नाहीत, बोलतात.

"सर, सोनेरी वगैरे सगळं बराबर आहे. पण कोण, कुठं, कधी? डावीकडून नावं सांगा. पूर्ण नावं. पायरीवर बसलेली बाई कोण? आणि फोटो काढला कोणी? काढणारा फोटोत नसतो, म्हणून त्याला बिचाऱ्याला कोणी विचारतच न्हाई. जल्दी सांगा. अर्धे लोक वर गेल्यावर कोणाला विचारून राह्यलात मंग?"

ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना आपण अजून खाली आहोत याची आठवण झाली असावी, कारण त्यानंतर बराच वेळ कुणी फूल वाहिलं नाही. मी मात्र मुकाट्यानं कामाला लागलो. पायरीवरच्या बाईंचं नाव मिळवायला तिघांना फोन करावे लागले. संध्याकाळी पूर्ण यादी पाठवली तेव्हा मॅडमचा दुसरा निरोप आला, "शाब्बास. आता हा फोटो झाला. सकाळी होती ती नुसती गर्दी." निवृत्त होऊन त्या जालन्याला बहिणीजवळ राहायला गेल्या, पण आम्हाला कामाला लावणं काही सुटलेलं नाही.

नसीम कादरी या अंबड तालुक्यातल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल. मी रसायनशास्त्र शिकवायचो. माझी प्रयोगशाळा आणि त्यांचं ग्रंथालय यांच्यात एक भिंत होती, पण ती त्यांच्या आवाजापुढं काही कामाची नव्हती. ग्रंथालयात 'शांतता राखा' अशी पाटी होती आणि ती बरोबर त्यांच्या खुर्चीच्या वर टांगलेली होती. पोरं पाटी पाळायची. मॅडमला पाटी दिसतच नव्हती, कारण ती त्यांच्या पाठीमागं होती.

उंच, धिप्पाड बाई. डोक्यावरून घेतलेली ओढणी सतत घसरायची आणि चष्मा कपाळावर चढवून त्या टेबलभर चष्मा शोधायच्या. घरी उर्दू, कॉलेजात मराठी आणि कम्प्युटर बंद पडला की हिंदी, असा त्यांचा भाषेचा हिशोब होता. शुक्रवारी डब्यात दालचा, म्हणजे मटण घातलेली आंबट डाळ, असायचा. तो त्या एकट्या कधी खायच्या नाहीत. भिंतीवर मूठ मारून मला बोलवायच्या. त्या दालच्यापायी मी शुक्रवारची प्रात्यक्षिकं पुढं-मागं केली आहेत, हे आता सांगायला हरकत नाही.

जगात त्यांचं एकाच शब्दाशी वैर होतं. तो शब्द म्हणजे 'इतर'. त्या कॉलेजात रुजू झाल्या तेव्हा ग्रंथालयात एक भलंमोठं लोखंडी कपाट होतं आणि त्याच्यावर पांढऱ्या रंगात 'इतर' असं लिहिलेलं होतं. मॅडमनी पहिल्या आठवड्यात ते कपाट रिकामं करून एकेक पुस्तक त्याच्या घरी पोचवलं. "दुनियेत इतर असं काही नसतं हो सर. आपल्याला वळखता आलं न्हाई, की आपण त्याला इतर म्हणून मोकळे होतो." हा नियम त्यांच्या घरीसुद्धा होता. त्यांच्या बहिणीनं मला एकदा सांगितलं की स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे, आणि रिकाम्या डब्यावर 'रिकामा' अशी चिठ्ठी आहे.

दुसरं त्यांचं वाक्य आमच्या स्टाफरूममध्ये म्हणीसारखं झालं होतं: "ठेवलं म्हंजे सांभाळलं न्हाई. सापडलं, तर सांभाळलं." कुणी विरोध केला की त्या विचारायच्या, "तुमच्या घरात सुई हाय का?" समोरचा म्हणायचा, आहे ना. "मंग शर्टाचं बटण तुटल्यावर शेजारी कशाला जाता?"

अशा बाईंच्या हाती कॉलेजची रिपॉझिटरी आली. विद्यापीठाच्या कुठल्याशा शिबिरातून त्या हे खूळ घेऊन आल्या. त्यांनी आम्हाला ते चहाच्या वेळात पाच मिनिटांत समजावून सांगितलं. कॉलेजातल्या माणसांनी जे काम केलं, मास्तरांचे लेख, प्रबंध, पोरांचे प्रकल्प, जुनी नियतकालिकं, ते सगळं कॉलेजनंच संगणकावर चढवायचं. नुसतं चढवायचं नाही, प्रत्येकावर कुणी केलं, कधी केलं, कशाबद्दल आहे, वाचायची परवानगी कुणाची, हे सगळं लिहायचं. मग जगातला कुणीही घरबसल्या फोनवर शोधील आणि त्याला ते सापडेल. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, स्कॅनर होताच, आणि आवाज मॅडमकडं होता. रिपॉझिटरी हा शब्द शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कुणाच्याच तोंडात बसेना, तेव्हा त्यांनी त्याचं नाव ठेवलं कोठार.

"आमचं लेखन असं उघड्यावर टाकलं तर कुणीही चोरील की," असं आमच्यातल्या एका विद्वानानं म्हणून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "कपाटातलं चोरीला गेलेलं तुम्हाला कळतं का? इथं ठेवलं की तुमचं नाव बी पक्कं, तारीख बी पक्की. चोर बिलकुल सापडतो." विद्वानांनी दुसऱ्या दिवशी आपले लेख आणून दिले.

एक प्रत म्हणजे नाहीच, हाही त्यांचा कायदा. म्हणून कोठाराची एक प्रत कॉलेजात, एक विद्यापीठाच्या यंत्रावर, आणि एक छोट्या डिस्कवर जालन्याच्या बहिणीच्या कपाटात, साड्यांच्या घडीत. बहिणीला आत काय आहे ते कधी कळलं नाही, पण नसीमची अमानत म्हणून ती जिवापाड जपायची. घरी पाहुणे आले की चहा टाकायच्या आधी ती कपाटात हात घालून डिस्क चाचपून यायची.

खरी अडचण होती ती ग्रंथालयाच्या मागच्या खोलीची. तिथं वर्षानुवर्षांचे विद्यार्थ्यांचे प्रकल्प सुतळीनं बांधून छतापर्यंत रचलेले होते. गावच्या विहिरी, घरचं बियाणं, आठवडी बाजार, ऊसतोडीवरून शाळेत परतणारी मुलं. तिसऱ्या वर्षाला प्रत्येकानं एक लिहायचा, मास्तरांनी सही करायची, आणि मग तो त्या खोलीत जाऊन पडायचा. मॅडमचा सगळा जीव त्या खोलीत होता. त्यांचं म्हणणं असं की मास्तरांचे लेख दुसरीकडंही मिळतील, पण आपल्या गावांबद्दल पोरांनी लिहिलेलं हे जगात दुसरीकडं कुठंच नाही.

आमचे प्राचार्य माणूस भला, पण स्वच्छतेचे भक्त. कॉलेजची तपासणी करायला बाहेरून कमिटी येणार होती आणि त्यांना त्या खोलीत पडद्याची, प्रोजेक्टरची स्मार्ट क्लासरूम करायची होती. "मॅडम, रद्दीवाल्याला सांगितलंय मी," ते म्हणाले. "ही बाडं वाचतं कोण?"

"सापडली तर वाचतील, सर."

"ठीक आहे. कमिटी यायच्या आत बाहेरचा एक माणूस दाखवा, ज्याला यातलं काही वाचायचंय. एक जरी वाचक आला, तरी खोली तुमची. नाही आला, तर रद्दीवाला."

मॅडमनी तिथल्या तिथं हात पुढं केला आणि प्राचार्यांना तो हातात घ्यावा लागला. बाहेर येऊन त्या मला म्हणाल्या, "सर, तुमच्या स्कूटरमधी पेट्रोल हाय ना?"

आता स्कूटर कशाला, तर परवानगीला. प्रकल्प ज्या पोरानं लिहिला त्याच्या होकाराशिवाय तो लोकांसाठी उघडायचा नाही, असा त्यांचा दंडक. मी म्हणालो, मॅडम, कोण विचारतंय. त्या म्हणाल्या, "कोणी विचारत न्हाई म्हणूनच आपण विचारायचं." मग सुट्टीच्या दिवशी मी पुढं, मॅडम मागं, आणि त्यांच्या मांडीवर प्रकल्पांची पिशवी, अशी आमची वरात तालुकाभर फिरू लागली.

पहिला प्रकल्प विहिरींचा. त्याचा लेखक प्रकाश हा अंकुशनगरला कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला होता. हंगाम ऐन भरात, उसाच्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. मॅडम ट्रॉल्यांच्या मधून वाट काढत थेट काट्यावर. प्रकाशनं बाड हातात घेतलं, चार पानं उलटली आणि मान खाली घातली.

"मॅडम, खरं सांगू का? म्या हे वरच्या वर्षाच्या दत्ताचं उतरून काढल्तं. गावाचं नाव तेवढं बदललं."

मागं ट्रॅक्टरवाले भोंगे वाजवत होते. मॅडमनी विचारलं, "दत्ताचं पूर्ण नाव काय?"

दत्ताचं पंक्चरचं दुकान होतं. त्यानं टायरमधून मान वर काढली आणि सांगितलं की त्यानंही ते सुभाषचं उतरवलेलं होतं. विहिरींची खोली सगळीकडं सारखीच होती, गाव मात्र दर वर्षी बदलत गेलं होतं. असं जगात दुसरीकडं होत असेल का, मला ठाऊक नाही; आमच्याकडं प्रकल्प हा थोरल्या भावाच्या शर्टासारखा खाली खाली येतो. सुभाष शेवटी सापडला तो त्याच्या शेतात. त्यानं बाड पाहिलं आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की मला अजून आठवतो.

"ह्या म्या मोजल्त्या, मॅडम. दोरीला दगड बांधून. गावात लोक म्हणायचे, पोराला सरकारनं विहिरी मोजायला ठिवलंय. दोन म्हाताऱ्या तर मला त्यांच्या नळाची तक्रार सांगायला लागल्त्या."

मॅडमनी सुभाषची सही घेतली. वाटेत माझ्या कानाशी त्यांचा आवाज आला, "सर, पहा. ह्याला कॉलेजातच दोन वाचक मिळालेत. शब्द न् शब्द वाचलाय त्यांनी. तुमचं कोणी एवढं लक्ष देऊन वाचलंय का?" हे त्यांनी प्राचार्यांनाही सांगून पाहिलं. प्राचार्य म्हणाले, "उतरवणारे वाचक मी धरत नाही."

मग आला बियाण्यांचा प्रकल्प. 'घरी बियाणे राखण्याच्या पद्धती', लेखिका कुमारी संगीता रामभाऊ खरात, मार्गदर्शक जाधव सर. संगीताची परवानगी अजून मिळाली नव्हती. अशा वेळी मॅडम कोठारात नुसतं शीर्षक आणि नावं दाखवायच्या आणि आतली पानं बंद ठेवायच्या. दुकान बंद असलं तरी पाटी दिसावी, एवढंच. ती पाटी जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीच्या साहेबांनी पाहिली आणि कॉलेजात फोन आला: आमच्या शेतकरी मेळाव्याला बियाण्यांवर बोलायला जाधव सरांना पाठवा.

इथं आमच्या भागाची एक रीत सांगायला पाहिजे. आमच्याकडं मास्तराला पहिलं नाव नसतं. आडनाव आणि सर, झालं. मार्गदर्शनाच्या रकान्यात आम्ही सगळ्यांनी आपापली नावं अशीच लिहून दिली होती. जाधव सरांच्या मिसेससुद्धा त्यांना सरच म्हणतात. वनस्पतिशास्त्राचे जाधव सर निवृत्त होऊन पुण्याला गेलेले होते. तेव्हा ऑफिसनं फोन दिला तो जे जाधव सर मैदानावर सापडले त्यांना. ते खेळाचे.

माणूस शब्दाचा पक्का. बोलावलं, म्हणून गेले. ट्रॅकसूट घालून गेले. बियाणं आणि खेळाडू दोघांनाही लहानपणी जपावं लागतं, एवढ्या एका मुद्द्यावर ते पाऊण तास बोलले आणि शेवटी त्यांनी अख्ख्या मंडपाला उभं करून हात वर, हात खाली करायला लावलं. शेतकरी खूश, कंपनी खूश, सर शाल-नारळ घेऊन परत. पुढच्या वर्षाचं आमंत्रणही तिथंच मिळालं.

मॅडम पदर खोचल्यासारखी ओढणी खोचून प्राचार्यांकडं गेल्या. प्राचार्यांनी हसून घेतलं आणि म्हणाले, "त्यांना पाहुणा पाहिजे होता, मॅडम. प्रकल्प कुणी मागितला? वाचक कुठाय?"

त्या दिवशी शुक्रवार होता. दालचा तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "चूक माझी हाय. आडनावावर दुनिया चालत न्हाई, हे मला कळायला पाहिजे होतं." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आमची सगळ्यांची पूर्ण नावं गोळा करायला घेतली. वीस-वीस वर्षं शेजारी बसणाऱ्या माणसांना एकमेकांची नावं तेव्हा कळली. आमच्या हेडक्लार्कचं नाव मदन आहे हे ऐकून स्टाफरूम दोन दिवस हसत होती.

पण पुरुषांचं सोपं होतं. मुलींचं काय? बाडावर लिहिलेली कुमारी आता कुठं होती? तिचं आडनाव बदललं, वडलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं, आणि कित्येकींचं तर पहिलं नावही ताटातल्या तांदळावर लिहून बदललेलं. "सर, अर्धे प्रकल्प पोरींचे हायेत," मॅडम म्हणाल्या. "आज तिच्या नावानं शोधलं तर तिचं तिलाच सापडणार न्हाई." म्हणून त्यांनी कोठारात प्रत्येकीची दोन नावं एकमेकांना जोडायचं ठरवलं, आधीचं आणि आताचं, म्हणजे कुठल्याही नावानं हाक मारली तरी तीच बाई ओ देईल.

हे काम त्यांनी कमालीच्या आनंदानं केलं. लग्नात, बारशात, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, बाई दिसली की विचारायच्या, "माहेर कोणतं? माहेरचं नाव काय? तुमच्या गावची अमुक कुठं दिलीय?" आम्ही त्यांना चिडवायचो की मॅडमनी वधू-वर सूचक मंडळ काढलंय, पण लग्न झाल्यावर. त्या म्हणायच्या, "हसा. नावं जुळवायची तर लग्नानंतरच जुळवावी लागतात."

संगीता खरातचं माहेर आमच्याच तालुक्यात. तिचा भाऊ ओट्यावरच भेटला. म्हणाला, "टाका की मॅडम, काय होतंय. म्या सांगून राह्यलो ना." मॅडम म्हणाल्या, "तुझं हाय का? तिचं हाय." नंबर घेतला. संगीता आता मनीषा भगवान गाडेकर झाली होती. सासर टेंभुर्णीचं, पण नवरा जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये कामाला म्हणून बिऱ्हाड जालन्यात. फोनवर ती म्हणाली, "कसला प्रकल्प? म्या कुठं काय लिवलंय, मॅडम. दुसरी कोणी असंल." आणि तिनं फोन ठेवला. मॅडमनी दोन्ही नावं जोडली, आणि पानं बंदच ठेवली.

कमिटीची तारीख जवळ आली. मागच्या खोलीला रंग लागला, बाडं एका कोपऱ्यात लोटून पुढं पडदा सोडला. रद्दीवाला एकदा येऊन अंदाज घेऊन गेला. मॅडम दिवसभर स्कॅन करत होत्या. एकटीच्या हातानं जेवढं वाचवता येईल तेवढं. भिंतीपलीकडून आवाज येत नव्हता, म्हणून माझंही लक्ष वर्गात लागत नव्हतं. त्या बाईंची ती खोली जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं.

आणि मग एका दुपारी भिंतीवर मूठ बसली. वार शुक्रवार नव्हता. मी धावत गेलो. मॅडमनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता आणि पलीकडून एक मुलगी बोलत होती. अकरावीत होती, प्राची गाडेकर. मैत्रिणींबरोबर बसून घरच्यांची नावं फोनवर शोधत होती. तिच्या बापाचं काही आलं नाही, मामाचं काही आलं नाही, आणि आईचं नाव टाकल्यावर हे आलं.

"मॅडम, माझ्या आईनं पुस्तक लिहिलंय का? नाव दिसून राह्यलं, पण उघडत न्हाई."

"उघडणं माझ्या हातात न्हाई, बाळा. तुझ्या आईच्या हातात हाय."

पलीकडं कुजबुज झाली. मग आईचा आवाज आला, मागच्या खेपेपेक्षा हळू. "मॅडम, माझंच हाय का ते खरंच? आधी डोळ्यानं बघते, मंग सही करते. कवा येऊ?"

मॅडमनी दिवस सांगितला. तो नेमका कमिटीचा दिवस निघाला. कमिटीची तारीख नंतर बदलली असं मॅडम म्हणतात, आणि आम्ही ते मान्य केलेलं आहे.

त्या दिवशी कॉलेज झाडून-पुसून चकचकीत. रांगोळ्या काढलेल्या, आम्ही सगळे इस्त्रीत. कमिटी प्राचार्यांच्या खोलीत फराळाला बसलेली. आणि फाटकातून एक टेम्पो आत आला. पुढं नवरा आणि त्याचा मित्र, मागं संगीता, प्राची आणि नऊवारीतली म्हातारी सासू, सतरंजीवर. सुनेनं काय लिहिलंय ते आपणही ऐकणार म्हणून ती हट्टानं आली होती. प्राचार्य घाईनं व्हरांड्यात आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हे कोण, मॅडम? आज?"

"वाचायला आलेत, सर," मॅडम म्हणाल्या आणि सगळ्यांना घेऊन मागच्या खोलीत गेल्या. टेम्पोतली सतरंजी तिथं अंथरून त्यांनी सगळ्यांना बसवलं.

पडदा बाजूला करून त्यांनी बाड काढलं, ओढणीनं पुसलं आणि संगीताच्या हातात दिलं. तिनं पहिलं पान पाहिलं. बराच वेळ ती नुसती अक्षरावरून बोट फिरवत राहिली. "माझंच हाय," ती म्हणाली. "हा 'श' म्याच असा काढत व्हते." मग ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि नवरा, जो इतका वेळ दाराशी अवघडून उभा होता, तो आत येऊन तिच्या शेजारी सतरंजीवर बसला.

"वाच ना, आई," प्राची म्हणाली.

संगीता वाचू लागली. ज्वारीचं बी कसं निवडायचं, कणसं कशी टांगायची, मडक्यात बी भरताना राख कशी मिसळायची. राखेपाशी म्हातारीनं हात वर केला.

"राख न्हाई घालत. कडूलिंबाचा पाला घालत्यात."

"अत्याबाई, आमच्याकडं राखच घालत्यात. म्या सगळ्या घरी जाऊन इचारल्तं."

"तुमच्याकडं घालत असतील. टेंभुर्णीत पाला. वाळवलेला. वर शेणानं तोंड लिपायचं, अन् ते बी पुनवेच्या आधी."

सासू-सुनेची जुंपली. दोघींनाही माघार घ्यायची नव्हती. आणि मॅडम, ज्यांना गुडघ्यांमुळं खाली बसता येत नव्हतं, त्या टेबलाला धरून हळूहळू खाली टेकल्या, फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो म्हातारीपुढं धरला.

"संगीताचं संगीताच्या नावानं राहील. तुमचं तुमच्या नावानं ठेवू. नाव सांगा."

"माझं कशाला? लिवा, मनीषाची सासू."

"सासू हे नाव न्हाई."

"गिरजाबाई मंग. गिरजाबाई गाडेकर."

"आणि माहेरचं?"

म्हातारीनं आधी मुलाकडं पाहिलं, मग सुनेकडं. तोंडाला पदर लावून ती लाजली, एखाद्या पोरीसारखी.

"सुभद्रा. लग्नात बदलल्तं. आता मला सुभद्रा म्हणणारं कोणी राह्यलं न्हाई."

"मी म्हणते ना," मॅडम म्हणाल्या. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "सांग सुभद्रे. पाला किती दिवस वाळवायचा?"

तेवढ्यात व्हरांड्यात बुटांचे आवाज आले. कमिटीचा फराळ आटोपला होता. सगळ्यात पुढं प्राचार्य, मागं कोटातले तीन पाहुणे, स्मार्ट क्लासरूम पाहायला निघालेले. मी दारात होतो. बाजूला झालो.

प्राचार्यांनी आत पाहिलं. नव्या रंगाच्या भिंतीखाली सतरंजीवर ती सगळी मंडळी. आई पानं चाळते आहे, मुलगी तिच्या खांद्यावरून डोकावते आहे, नवरा हात जोडल्यासारखा ऐकतो आहे, म्हातारी हातवारे करून पाला वाळवते आहे, आणि कादरी मॅडम, चष्मा कपाळावर, फोन दोन्ही हातांत धरून, तिच्या तोंडाकडं पाहत बसल्या आहेत. त्यांनी मान वर करून आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

कमिटीचे मुख्य पाहुणे काहीतरी विचारायला पुढं झाले. प्राचार्यांनी वळून त्यांना हातानं थांबवलं, स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "जरा थांबू या साहेब. वाचक आलेत."